वेढ्यातल्या शहरातून नागरिक बाहेर काढायचे तर घोडं अडतं कुठे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, यादीत आपलं भुसावळही होतं. चर्चा भोंगा आणि ब्लॅकआउटच्या पुढे गेली नाही. शहराला वेढाच पडला तर आतली माणसं बाहेर कशी काढायची, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

वर्गात सोडवायला एक टेबलावरचा सराव बनवतोय. प्रसंग काल्पनिक, नकाशा मात्र ओळखीचा म्हणून जळगावचा घेतलाय. आत एक लाख माणूस अडकलंय. वेढ्याची हद्द बांभोरीच्या पुलाशी, सुरक्षित ठिकाण पारोळा, अंतर साधारण ५५ किमी. दोन्ही बाजूंनी एका दिवसाची, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ अशी शस्त्रसंधी मान्य केलीय. पहिल्या फेरीत १०,००० लोक: जखमी, आजारी, म्हातारे, गरोदर बाया, लहान पोरं आणि त्यांच्या आया.

माझा हिशोब असा. एसटीत ४४ सीट, म्हणजे २२८ फेऱ्या. जायला दोन तास, यायला दोन तास, एका बसच्या दोन फेऱ्या आरामात. ११४ बस मिळाल्या की दिवसात काम फत्ते. म्हणजे मुख्य अडचण बस आणि ड्रायव्हर मिळवण्याची, बाकी सगळं दुय्यम. कुठे चुकतोय ते सांगा.

केळीचा_लोंगर

आपली एसटी अडीच तासांत पारोळ्याला पोचवली तर लढाई निम्मी जिंकली म्हणायची. 😄

नकाशावाला

गिरणाकाठ, तुमच्या हिशोबात नाकाच नाही. वेढा म्हटला की नाका आलाच. वेढा घालणारा तपासणी केल्याशिवाय कोणाला सोडत नाही, कारण बायका-पोरांत मिसळून लढणारे निसटतील ही त्याची पहिली भीती.

एका माणसाचं ओळखपत्र बघणं, यादीतलं नाव जुळवणं, पिशवी उघडणं, अंगझडती. सगळं सुरळीत असलं तरी २ मिनिटं. नाक्यावर ४ टेबलं धरा: तासाला १२० माणसं. दहा तास एक मिनिटही न थांबता चाललं तरी १,२००. म्हणजे २७ बस. उरलेल्या ८७ बस बांभोरीच्या अलीकडे उन्हात उभ्या, आत माणसं भरलेली.

बस वाढवून काही होत नाही. रांग वाढते, आणि उभी रांग हेच सगळ्यात मोठं लक्ष्य.

अहिराणी_मानूस

बठ्ठं बरोबर शे भो. टोलनाकावर फास्टॅग चालत नही तठे इतलाच येळ लागस.

भुसावळ_लोको

बस सोडा, रेल्वे घ्या. २० डबे, डब्यात ७२, एका फेरीत १,४४० माणसं. तुमच्या ३३ एसट्या एका इंजिनामागे. भुसावळसारखं जंक्शन शेजारी असताना रस्त्याचा विचार करायचाच कशाला?

नकाशावाला

@भुसावळ_लोको, कारण रूळ लढाईची रेषा ओलांडत नाहीत. वेढा पडला की पहिल्या दिवशी सिग्नल नाहीतर पूल जातो, आणि गाडीला बाजूने काढता येत नाही. रेल्वे कामाला येते ती वेढ्याच्या बाहेर. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमी शहरातले आपले विद्यार्थी असेच निघाले. ८ मार्चला १२ बसमधून ६९४ जण पोल्टावाला, अंतर पावणेदोनशे किमीच्या आसपास, म्हणजे आपलं धुळे-नाशिक आणि वर थोडं. तिथून पुढे रेल्वेने पश्चिमेला ल्वीवकडे, मग पोलंड आणि विमान. बस फक्त रेषा ओलांडण्यापुरती.

दुसरी गोष्ट स्टेशनवरच्या गर्दीची. ८ एप्रिल २०२२ ला युक्रेनमधल्याच क्रामातोर्स्क स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांवर क्षेपणास्त्र पडलं, पन्नासावर माणसं गेली. म्हणून चढण्याची जागा एक ठेवायची नाही. पाच-सहा ठिकाणी विभागा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन बसपुरतीच माणसं, आणि त्यांनाही अर्धा तास आधीच बोलवा. पहाटे चारपासून मैदानात बसवून ठेवणं हा गुन्हाच समजा.

गिरणाकाठ

सुमीत बसमागे ५८ येतात की! म्हणजे ४४ चा आग्रह मीच धरतोय.

नकाशावाला

ते तरणे विद्यार्थी होते, पाठीवर एकेक पिशवी. तुमच्या यादीत काठीवाली आजी आणि सलाईन लावलेला माणूस आहे. ४४ सुद्धा जास्त होतात, ४० धरा. आणि सुमीचंही एका दिवसात जमलेलं नाही. ७ मार्चला सगळे निघायच्या तयारीत असताना शस्त्रसंधी टिकली नाही म्हणून परत पाठवावं लागलं. सरावाच्या कागदावर ‘निघाले आणि परत आले’ असा एक दिवस लिहूनच ठेवा. परत आलेल्यांना झोपायला जागा आणि जेवण लागतं. बहुतेक योजनांत नेमकं तेच नसतं, कारण निघताना तळघर बंद करून, उरलेलं पीठ शेजाऱ्याला देऊन माणूस बाहेर पडलेला असतो.

कलम_सतरा

कायद्याचं थोडं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम १७ नेमकं याच विषयावर आहे: वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, अपंग, वृद्ध, मुलं आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी ‘स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा’. शब्द बघा, ‘प्रयत्न करावा’. बंधन तेवढंच. १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या कलम ५४ ने नागरिकांना उपाशी मारणं हे युद्धाचं साधन म्हणून बेकायदा ठरवलं, ती भाषा जास्त कडक आहे.

लोक एक मुद्दा नेहमी विसरतात. मार्ग खुला केला, जाहीर केलं, तरी काही जण मागे राहतात. राहिलेला माणूस त्यामुळे सैनिक ठरत नाही. ‘जायला सांगितलं होतं, आता आत आहेत ते सगळे शत्रू’ हे कायद्याला मान्य नाही. करारात हे वाक्य वेगळं लिहून घ्यावं.

सातपुडा४५

मला मुळात धाग्याचा पायाच पटत नाही. लोकांना बाहेर काढण्याऐवजी अन्न आत का न्यायचं नाही? शहर रिकामं करणं हीच वेढा घालणाऱ्याची इच्छा असते. सीरियातलं दराया बघा. सुमारे चार वर्षं वेढा, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये उरलेलं सगळं गाव बसमध्ये बसवून रिकामं केलं. त्याला मदतकार्य म्हणायचं की हकालपट्टी?

कलम_सतरा

सातपुडा४५, प्रश्न रास्त आहे. कसोटी अशी लावतात: माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का, कुठे जायचं ते निवडता येतं का, आणि परत येण्याची वाट उघडी राहते का. त्याच चौथ्या कराराचं कलम ४९ ताबा घेणाऱ्या सत्तेला सांगतं की सुरक्षेसाठी लोक हलवले तर त्या भागातली लढाई थांबताच त्यांना परत आणलं पाहिजे आणि कुटुंबं तोडू नयेत. दराया तिन्ही कसोट्यांवर नापास होतं.

पण डायलिसिसवरच्या माणसाला ‘तुझं जाणं राजकीयदृष्ट्या चूक आहे’ असं सांगता येत नाही. दोन्ही मागण्या एकाच कागदावर ठेवायच्या: अन्न-औषध आत, अतिगंभीर लोक बाहेर.

असीरगडी

जुनी गोष्ट उलटी होती. वेढ्यातले लोक स्वतःच म्हातारी-पोरं बाहेर ढकलायचे, धान्य पुरावं म्हणून. इ.स.पूर्व ५२ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या अलेसियाच्या वेढ्यात तेच झालं, वेढा घालणाऱ्या रोमन सीझरने त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. १४१८-१९ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरातून हजारो गरीब बाहेर काढले, इंग्रजांनी अडवले, ती माणसं हिवाळाभर तटाखालच्या खंदकात मेली. आतले परत घेईनात, बाहेरचे सोडेनात.

आपल्याकडचा मोठा वेढा म्हणजे असीरगड, खान्देशच्या फारुकींचा. अकबराच्या फौजेने वेढला, जानेवारी १६०१ मध्ये पडला. तट तोफांना दाद देत नव्हता, पण आत माणसं-जनावरं दाटीवाटीने कोंडलेली आणि रोगराई पसरलेली. पायातली शक्ती जायची, नजर मंद व्हायची अशी वर्णनं तेव्हाच्या बखरकारांनी लिहून ठेवलीत. गड धान्यावाचून पडला नाही, दाटीने पडला असं माझं मत.

वैद्यबाई_अमळनेर

असीरगडींनी वर्णन केलेली लक्षणं वाचून अन्नातल्या जीवनसत्त्वांची कमतरता डोक्यात येते, पण चारशे वर्षांनी निदान करायला नको. आजच्या सरावाकडे वळते.

झोपलेले रुग्ण: बसच्या एका बाजूच्या सीट काढल्या तर ६ ते ८ स्ट्रेचर बसतात. एका स्ट्रेचरला २ मीटर लांबी आणि ६० सेंमी रुंदी लागते, वर सोबत्याला उभं राहायला जागा. स्ट्रेचर पुढच्या दारातून वळत नाही. मागचं आपत्कालीन दार उघडतं का ते आदल्या दिवशी तपासा. अनेक बसचं ते दार रंगाने नाहीतर गंजाने चिकटलेलं असतं.

ऑक्सिजन: लहान बी टाइप सिलिंडरमध्ये १,५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावला तर ५ तास. मोठा डी टाइप ७,००० लिटर, २३ तास. आता नकाशावाल्यांचा नाका आठवा. रस्ता दोन तासांचा, पण नाक्यावर आठ तास गेले तर? दोन बी टाइप आणि एक राखीव, दर रुग्णामागे. सिलिंडर सीटच्या पायाला बांधलेला हवा. मोकळा सिलिंडर गचक्याला तोफगोळाच. आणि कोणता सिलिंडर कशाचा याचा कागद नाक्यावर दाखवायला सोबत ठेवा, कारण सैनिकाला तो संशयास्पद वाटणारच.

डायलिसिसचे रुग्ण आदल्या दिवशी डायलिसिस करूनच निघाले पाहिजेत. इन्सुलिन ओल्या कापडात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवा, बर्फात नको, गोठलं की वाया.

केळीचा_लोंगर

ताई, पारोळ्याला पोचल्यावर जेवणाचं माझ्याकडे लागलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, वर तुपाची धार. आपल्याकडे आलेला माणूस उपाशी जात नाही.

वैद्यबाई_अमळनेर

आणि तुमच्या पंगतीत पहिल्याच रात्री माणसं दगावतील. चेष्टा करत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी घातलेल्या रशियातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये कामगार नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, त्यातही भेसळ. जे लोक बाहेर निघाले त्यांतले काही सरोवराच्या पलीकडच्या काठावर पोटभर जेवून मेले. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर-पीठ गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडतं.

पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे १० कॅलरी, फार खंगलेला असेल तर ५. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ५००, तेही पाच-सहा वेळा विभागून. भाताची पातळ पेज, मीठ घालून, अर्धी वाटी. जेवणाआधी थायमिनची गोळी. गूळ, शिरा, बट्टी, तूप काही नाही. मग चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवायचं. ज्यांचं दहा दिवसांहून जास्त पोट रिकामं आहे त्यांच्या हातावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधा, म्हणजे पंगतीतला वाढपी प्रेमाने घात करणार नाही.

वेढा महिन्याच्या आतला असेल आणि लोक एक वेळ तरी खात असतील तर बहुतेकांना एवढी पथ्यं लागत नाहीत. पण ते ठरवणार डॉक्टर. आचाऱ्याकडे ते सोपवू नका.

केळीचा_लोंगर

भरीत रद्द. पेज लिहून घेतली.

अहिराणी_मानूस

लोंगरभाऊ, तुमनं भरीत आम्हले पाठाडा. आम्हना आठे येढा नही. 😂

तापीथडी

लेनिनग्राड निघालंच आहे तर तिथला रस्ता सांगण्यासारखा आहे. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस वेढा. एकच फट होती, लाडोगा सरोवर. ते गोठल्यावर त्यावरून रस्ता. आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, मग २२ नोव्हेंबर १९४१ ला दीड टनी ट्रकांची पहिली रांग. बर्फ पातळ होता म्हणून सुरुवातीला ट्रकमध्ये माल कमी आणि मागे घसरगाडी जोडून वजन विभागलेलं. ड्रायव्हर दार उघडं ठेवून चालवायचे, बुडायला लागली तर उडी मारता यावी म्हणून.

काही ट्रक जाड बर्फावरही बुडत होते. कारण वजन नव्हतं, वेग होता. ताशी ३५ किमीच्या आसपास गाडीमुळे बर्फात उठणारी लाट आणि गाडी एकाच चालीने चालू लागतात, लाट मोठी होत जाते आणि बर्फ फुटतो. शास्त्रज्ञांनी बर्फाची थरथर मोजणारं यंत्र बनवलं आणि वेग-अंतराचे नियम लावले. १९४२ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये या वाटेने पाच लाखांहून जास्त माणसं बाहेर निघाली. म्हणजे मोठा आकडा शक्य आहे, पण त्या वाटेवर शत्रूचा नाका नव्हता. गिरणाकाठ, हा फरक तुमच्या सरावात ठळक लिहा: स्वतःच्या ताब्यातली वाट आणि शत्रूच्या परवानगीची वाट ही दोन वेगळी गणितं आहेत.

बोस्नियातल्या वेढलेल्या साराएवोतही तेच. १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला, रुंदी जेमतेम १ मीटर, उंची दीड मीटरच्या आसपास, वाकूनच चालायचं. एका वेळी एकाच दिशेने.

सातपुडा४५

मग तापीवर बर्फ पडायची वाट बघू. भुसावळला ४६ डिग्री आहे.

गिरणाकाठ

😄 बर्फ नाही, पण बांभोरीचा पूल पडला तर? उन्हाळ्यात गिरणेचं पात्र कोरडंच असतं. बस थेट पात्रातून घालता येतील का?

अहिराणी_मानूस

वाळूना डंपर रोज रातले जातस ना भो. त्यासले इचारा, रस्ता त्यासले पाठ शे.

डिझेल_दादा

अहिराणीभाऊ हसण्यावारी बोलले, पण मुद्दा खरा. डंपर जातो म्हणून बस जात नाही. बसचं पोट खाली असतं आणि मागचा भाग लांब असतो, काठ चढताना तो घासतो. वाळूत घालायचीच तर माणसं उतरवून रिकामी बस, टायरची हवा कमी करून, न थांबता, गिअर न बदलता. चाकाखाली लोखंडी पत्रे नाहीतर तुराट्यांचे जुडगे. पलीकडे कॉम्प्रेसर हवाच, नाहीतर कमी हवेवर डांबरी रस्त्याला ५० किमी गेलात की टायर तापून फुटलं. अर्धवट तुटलेल्या पुलावरही हाच नियम, माणसं चालत, बस एकेक.

डिझेलचं: भरलेली बस लिटरला ४ किमी धरा. जाऊन-येऊन ११० किमी, २८ लिटर. पण नाक्यावर सात-आठ तास इंजिन चालू-बंद होत राहिलं की आणखी २० लिटर. टाकी पूर्ण भरूनच निघायचं. वेढ्यातल्या शहरात डिझेल मिळत नाही, म्हणून बस बाहेरून येणार त्या भरून येणार. आणि नाक्यावरचा माणूस म्हणणार, हे डिझेल आतल्या फौजेला देणार. त्यासाठी आत जाताना आणि बाहेर येताना टाकीत काठी घालून मोजायचं, वहीत लिटर लिहून दोघांनी सही करायची. सैन्याची शंका वहीने जाते, भाषणाने जात नाही.

रस्त्यावर काचा आणि गोळ्यांचे तुकडे असतात. पंक्चर हे नक्की होणार असं धरून बसमागे दोन स्टेपनी. दर दहा बसमागे एक रिकामी बस. बंद पडलेली गाडी दुरुस्त करत बसायचं नाही, माणसं रिकाम्या बसमध्ये घ्यायची, गाडी कडेला ढकलायची.

नकाशावाला

‘कडेला’ वरून. डांबर सोडायचं नाही. हा नियम सगळ्यांना पाठ करून घ्या. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या वेढलेल्या मारियुपोलमधून ५ आणि ६ तारखेला लोक काढायचे ठरले, दोन्ही वेळा फसलं. रेडक्रॉसच्या लोकांनी सांगितलं की जो रस्ता ठरला होता त्यावर सुरुंग पेरलेले होते. म्हणजे करार झाला तो सुरुंग असलेल्या रस्त्याचा! म्हणून ‘मार्ग मान्य’ एवढं पुरत नाही. कोणता रस्ता, कोणत्या फाट्यापासून कोणत्या फाट्यापर्यंत, कोणी साफ केला, कधी केला, हे लेखी.

यातूनच लघवीचा प्रश्न येतो, जो कोणी विचारत नाही. माणूस सवयीने शेताकडे जातो आणि सुरुंगावर पाय देतो. थांबायचं तर दोन बसच्या मधल्या डांबरावर, चादरीचा आडोसा करून. बसमध्ये मागच्या सीटजवळ झाकणाची बादली, चुना आणि पडदा. बायका पाणी पीत नाहीत लघवीच्या भीतीने, आणि ४५ डिग्रीत तीन तासांत चक्कर येऊन पडतात.

वैद्यबाई_अमळनेर

पाणी उन्हाळ्यात माणशी ५ लिटर. ४४ माणसं, २२० लिटर, म्हणजे २० लिटरचे ११ जार. अर्धे जार पुढे, अर्धे मागे. ओआरएसची पाकिटं ड्रायव्हरजवळ.

गिरणाकाठ

पांढरा झेंडा, रेडक्रॉसचं चिन्ह याने किती फरक पडतो?

कलम_सतरा

रेडक्रॉसचं चिन्ह वाटेल त्या बसवर रंगवायचं नाही, तो कायद्याने राखलेला शिक्का आहे. ज्यांना अधिकार आहे त्यांनीच लावायचा. सर्वांनी लावला की त्याची किंमत संपते आणि खऱ्या रुग्णवाहिकेवर गोळी येते.

पांढरं कापड, मोठ्या अक्षरात ‘मुले’ हे लावावं, पण ते चिलखत नाही. मारियुपोलच्या नाट्यगृहासमोर जमिनीवर प्रचंड अक्षरात ‘मुले’ असं रशियनमध्ये लिहिलेलं होतं, विमानातून दिसेल असं. १६ मार्च २०२२ ला त्यावर बॉम्ब पडलाच. खरं संरक्षण आधीच्या कागदात असतं: गाड्यांचे नंबर, सुटायची वेळ, रस्ता, थांबे हे दोन्ही बाजूंना कळवलेले आणि मिळाल्याची पोच घेतलेली. आणि वरच्या अधिकाऱ्याची पोच पुरत नाही. बांभोरीच्या पुलावर उभ्या असलेल्या हवालदारापर्यंत तो कागद पोचला का, हे निघण्यापूर्वी फोनवरून विचारायचं. नाका मुख्यालयाचं ऐकतोच असं नाही, आणि रात्री ड्युटी बदलते.

डिझेल_दादा

बसच्या काचांना काळी फिल्म नको, पडदे उघडे. नाक्यावर आतला दिवा लावायचा, हेडलाइट मंद करायचा, ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर. आत कोण आहे ते दिसलं की बोट ट्रिगरवरून सैल होतं. मोबाइलने शूटिंग कोणी करायचं नाही, हे चढतानाच सांगा.

सातपुडा४५

कोणीतरी कुवेतचं सांगा. १९९० ला आपण दीडेक लाखाहून जास्त माणसं आणली, जगातलं सगळ्यात मोठं विमानी स्थलांतर. आणि इथे तुम्ही १०,००० ला रडताय.

तापीथडी

तो वेढा नव्हता. इराकने कुवेत घेतलं होतं, पण आपल्या लोकांना रस्त्याने जॉर्डनला जाऊ देत होतं, अम्मानहून एअर इंडियाची विमानं. तिथे अडचण अंतराची आणि विमानांची होती, म्हणजे गिरणाकाठांना वाटते तशी. वेढ्याच्या जवळ जाणारं उदाहरण २०१५ च्या येमेनमधलं एडन. नौदलाचं ‘आयएनएस मुंबई’ जहाज धक्क्याला लागू शकलं नाही, लोक छोट्या होड्यांतून जहाजापर्यंत आणावे लागले. तिथेही अडलं ते शेवटच्या किलोमीटरवरच.

असीरगडी

नाक्यावर पुरुष वेगळे काढतात त्याचं काय? कोणीच बोलेना.

कलम_सतरा

बोलायलाच हवं. जुलै १९९५ ला बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साजवळ पोटोचारीत बायका-मुलं बसमध्ये बसवली आणि पुरुष-मुलगे बाजूला काढले. पुढे आठ हजारांच्या आसपास मारले गेले. फेब्रुवारी २०१४ ला सीरियातल्या होम्समधून सुमारे १,४०० जण निघाले, त्यांतल्या १५ ते ५५ वयाच्या पुरुषांना चौकशीसाठी अडकवून ठेवलं.

म्हणून यादी दोन कामं करते. चढताना मोजलेली माणसं आणि उतरताना मोजलेली माणसं जुळली पाहिजेत, आणि मोजणारा तिसऱ्या, तटस्थ पक्षाचा हवा. नाक्यावर कोणाला उतरवलंच तर नाव, वेळ, कोणी उतरवलं, कुठे नेलं हे त्याच क्षणी लिहायचं आणि बस पुढे जाण्याआधी फोनवर कळवायचं. संध्याकाळी कळवून उपयोग नाही. तपासणीच्या जागी तिसरा पक्ष हजर असेल, ही अट करारात पहिली. ती नाकारली तर तरुण पुरुष आणि मोठे मुलगे यांना त्या फेरीत न्यायचं का, हे कुटुंबांना आधी सांगून त्यांच्यावर सोडा.

यादी दुधारी असते. शहरात कोण कोण आहे याचा आयता तक्ता शत्रूच्या हाती पडतो. नाव, वय, कुटुंब क्रमांक, ओळखपत्राचा नंबर एवढंच. नोकरी, पक्ष, पत्ता असले रकाने ठेवू नका.

केळीचा_लोंगर

आपल्याकडे यादीचं वेगळंच संकट. एका बसमध्ये १५ पाटील, ८ चौधरी, ५ महाजन. संगीता पाटील तीन, त्यातल्या दोघींचे यजमान सुरेश.

नकाशावाला

लोंगर, हे खरंच नाक्यावर घडतं. नाव जुळलं नाही की २ मिनिटांची १० मिनिटं होतात आणि मागच्या सगळ्या बस थांबतात. म्हणून नावावर चालायचं नाही, क्रमांकावर चालायचं. बस नंबर, कुटुंब नंबर, माणसाचा नंबर: ७-१२-३ म्हणजे सातवी बस, बारावं कुटुंब, तिसरा माणूस. यादी तीन प्रतींत, नाक्यावरच्या लिपीत सुद्धा. आणि बसमध्ये लोक यादीच्या क्रमानेच बसवायचे, म्हणजे तपासणारा सीटवरून जात टिकमार्क करतो, खाली उतरवावं लागत नाही. एवढ्यानेच माणशी वेळ बराच खाली येतो.

तापीथडी

सीरियातल्या अलेप्पोचं राहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये पूर्व अलेप्पोतून लोक निघत होते, आणि बदल्यात दुसऱ्या बाजूच्या फुआ-केफ्राया या वेढलेल्या गावांतले लोक निघणार असा ‘हे सोडा, ते सोडतो’ करार. १८ तारखेला त्या गावांकडे जाणाऱ्या बस जाळल्या, की अलेप्पोतलंही थांबलं, ऐन थंडीत. पुढे १५ एप्रिल २०१७ ला त्याच गावांचे लोक राशिदीन इथे अदलाबदलीची वाट बघत थांबलेले असताना बसजवळ स्फोट झाला, शंभरावर माणसं गेली, त्यांत लहान मुलं कितीतरी. थांब्यावर बस एकमेकींना चिकटून उभ्या करायच्या नाहीत, आणि खाऊ वाटायला आलेल्या अनोळखी गाडीला जवळ येऊ द्यायचं नाही.

गिरणाकाठ

सगळं वाचून हिशोब पुन्हा मांडला. तपासून सांगा.

संध्याकाळी ६ ला शस्त्रसंधी संपते. शेवटची बस त्याआधी पारोळ्यात हवी, म्हणजे नाक्यावरून ४ ला सुटली पाहिजे. सकाळी ८ ला माणसं चढायला लागली तर पहिली बस नाक्यावर ९ ला. नाका चालणार ७ तास. टेबलं ४ ऐवजी १२ मागायची, त्यांतली निम्मी बायकांच्या झडतीसाठी बायका असलेली. माणशी २ मिनिटांनी तासाला ३६०, सात तासांत २,५२०. दहा हजारांना ४ दिवस.

बस: ४४ च्या हिशोबाने दिवसाला ५७ फेऱ्या, दुसरी फेरी धरायची नाही. दहाला एक राखीव, ६. म्हणजे ६३ बस. मी ११४ मागत होतो. बस निम्म्यावर आल्या आणि एका दिवसाचे चार दिवस झाले.

नकाशावाला

आता बरोबर. वैद्यबाईंच्या स्ट्रेचरच्या बस वेगळ्या धरा, त्या ५७ मध्ये बसत नाहीत. आणि चार दिवस हे चारही दिवस संधी टिकली तर. मारियुपोलच्या अझोवस्ताल कारखान्यातून १ मे २०२२ ला निघालेले शंभरेक लोक झापोरिझ्झियाला ३ मे ला पोचले, अंतर २३० किमीच्या आसपास. तेही संयुक्त राष्ट्रसंघ आणि रेडक्रॉस सोबत असताना.

वैद्यबाई_अमळनेर

मग दुसऱ्या दिवशी संधी मोडली तर आत कोण राहिलेलं चालेल, हे पहिल्या दिवसाची यादी करताना ठरवा. पहिल्या दिवशी सगळे अतिगंभीर घातले तर नाका शिकाऊ, वेळ जास्त, आणि ऑक्सिजन संपणार तुमच्याच रुग्णांचा. पहिल्या दिवशी सकाळी चालत चढू शकणाऱ्या बाया-मुलांच्या दहा बस, नाक्याचा हात बसला की दुपारी १२ नंतर स्ट्रेचर. दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेले सगळे स्ट्रेचर.

सातपुडा४५

दुपारी १२ ला जळगावात, मे महिन्यात, पत्र्याच्या बसमध्ये स्ट्रेचर?

वैद्यबाई_अमळनेर

बरोबर पकडलंत. टपावर ओली पोती, खिडक्या उघड्या, आणि मे असेल तर क्रम उलटा: स्ट्रेचर सकाळी १० ला. पहिल्या पाच बस चालणाऱ्यांच्याच.

गिरणाकाठ

लिहून घेतलं. शेवटचं एक: तो ७-१२-३ नंबर पेनने हातावर लिहायचा का?

डिझेल_दादा

घामाने तासाभरात जातो. लहान पोरांच्या बनियनच्या आतून कापडी पट्टी शिवा, त्यावर धोब्याच्या शाईने नंबर आणि आईचं नाव. फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात. पट्टी सेफ्टी पिनने लावू नका, झडतीत काढून घेतात.